अंगणातली माती झाकताना

तुळशीची लग्नं लागली, की आमच्या कृष्णाकाठच्या गावात दोन आवाज एकदम सुरू होतात. एक बँडवाल्यांच्या तालमीचा आणि दुसरा धुमस मारण्याचा. ज्या घरात कार्य निघालंय, त्या घरापुढे खडीचा ढीग पडतो, टेम्पोतून पेव्हर ब्लॉक उतरतात आणि चार दिवसांत अंगण करड्या-तांबड्या नक्षीचं, गुळगुळीत होऊन जातं. मांडव शोभतो, खुर्च्या डुगडुगत नाहीत, पाहुण्यांच्या साड्यांच्या काठांना माती लागत नाही. सगळं खरं. मला त्याबद्दलच बोलायचंय मैत्रिणींनो, पण त्याआधी त्या ब्लॉकखाली नेमकं काय जातं ते सांगते. कारण अंगणाला वर्षभरात सगळ्यांत जास्त हात लागायला हवा तो याच दिवसांत, आणि नेमकं याच दिवसांत आपण त्याला कायमचं झाकून टाकतो.

कार्तिक संपता संपता मूठभर माती हातात घेऊन बघा. पावसाळ्यातला चिखल गेलेला असतो, उन्हाळ्यातली ढेकळं व्हायला अजून अवकाश असतो. दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोकरलं की तो सुटतो. शेतकरी याला वाफसा म्हणतात. खुरपं अगदी लोण्यात चालावं तसं चालतं. तण उपटलं तर मुळासकट येतं, अर्ध्यात तुटून पुन्हा डोकं वर काढत नाही. पावसाळ्यात आठवडाभर वाकून जे काम उरकत नाही ते आता दोन सकाळींत होतं. सकाळ म्हणजे तरी किती, नळाला पाणी यायच्या आधीचा अर्धा तास. दहिवर पडलेलं असतं. मेंदीच्या कुंपणावर कोळ्यांची जाळी असतात, एरवी डोळ्यांना न दिसणारी. दहिवराचे थेंब अडकले की एकदम पाच-पंचवीस दिसायला लागतात, आणि मग लक्षात येतं की आपल्या अंगणात आपल्याशिवाय केवढा संसार चाललाय!

आमचं परसदार काही मोठं नाही. न्हाणीपासून मागच्या भिंतीपर्यंत पंधरा बाय वीस फूट असेल. त्यात एक कढीपत्ता, एक शेवगा, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळू, भिंतीवर पावट्याचा वेल आणि उरलेल्या जागेत ऋतूप्रमाणे जे येईल ते. शहरातल्या बागकामाच्या पुस्तकांतले फोटो असतात तसं यातलं काही दिसत नाही. पण एवढ्या तुकड्यात थंडीच्या सुरुवातीला बघण्यासारखं आणि करण्यासारखं इतकं असतं, की कधी कधी चहा गार होतो.

पावट्याचंच घ्या. मृगात लावलेला हा वेल पावसाळाभर नुसता माजतो. पानंच पानं. नवी सून घाबरते, म्हणते, "आई, याला नुसतीच पानं येतायत, काढून टाकू का?" काढायचा नाही. त्याचा हिशेब रात्रीच्या लांबीवर असतो. दिवस लहान आणि रात्र मोठी व्हायला लागली की त्याला आपोआप तुरे फुटतात. शेवंतीचं तेच. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९२० साली हे तंबाखूच्या झाडावर दाखवून दिलं, की काही झाडं किती थंडी पडली यापेक्षा रात्र किती मोठी झाली यावरून फुलायची वेळ ठरवतात. म्हणून शेवंतीची कुंडी रस्त्यावरच्या दिव्याखाली किंवा रात्रभर चालू असलेल्या व्हरांड्यातल्या बल्बखाली असली, तर ती कळ्या धरायला उशीर करते. बिचारीला वाटतं, अजून रात्र कुठे मोठी झाली! कुंडी असेल तर ती उचलून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, आणि जमिनीतली असेल तर निदान व्हरांड्यातला दिवा झोपताना बंद करा. विजेचं बिलही वाचेल.

पावट्याला तुरे आले की पाठोपाठ मावा येतो. कोवळ्या शेंड्यावर काळा काळा थर. बायका लगेच दुकानात जाऊन औषध आणतात, मारतात आणि चार दिवसांनी त्याच वेलाच्या शेंगा भाजीला तोडतात. मला हे अजिबात पटत नाही. आधी जरा उभं राहून बघा. माव्यावर मुंग्यांची रांग असेल, कारण मावा गोड चिकटा सोडतो आणि त्यासाठी मुंग्या त्याची चक्क राखण करतात. आणखी नीट बघितलं तर तिथेच लाल-नारिंगी पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे दिसतील. ते मावा खातात. त्यांची पिल्लं तर त्याहून खादाड, पण ती दिसायला अगदी वेगळी असतात. काळपट, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके, एखाद्या इवल्याशा मगरीसारखी. दिसायला भयंकर म्हणून बायका त्यांनाच पहिल्यांदा चिरडतात! ती मगर दिसली तर तिला हात लावू नका. फार लडबडलेले शेंडे तेवढे खुडून टाका, बाकीच्यावर पाण्याचा जोराचा फवारा मारा, आणि आठवडाभर वाट बघा. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, म्हणजे तो कापसासारखा पांढरा प्रकार, कोरड्या हवेत वाढायला लागतो. त्याला जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं.

आणि मग शेंगा. पहिल्या शेंगा भाजीला, मधल्या शेजारी-पाजारी, पण बुंध्याजवळच्या चांगल्या भरलेल्या दहा-बारा शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या. हे बियाणं. आमच्या सासूबाई त्या शेंगांना लाल दोरा बांधून ठेवायच्या, म्हणजे कुणी चुकून तोडू नयेत. वाळलेलं बी चुलीच्या राखेत घोळून गाडग्यात. आता चूल नाही, गाडगंही नाही, काचेची बरणी आहे. पण बी तेच आहे, त्यांच्या माहेराहून आलेलं. पावट्याच्या या जातीला नाव नाही. बाजारात ती मिळत नाही. शेंग रुंद, कडेला जांभळी रेघ, आणि उकडल्यावर तिला जो वास सुटतो तो विकतच्या पावट्याला मी कधी घेतलेला नाही.

अशाच बिनानावाच्या बियाण्यांसाठी अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावठी वाल, घेवडे, भाज्या, भात यांची बियाणी गोळा केली, परसबागेत जपली, बायकांना वाटली. बायफ संस्थेची त्यांना मदत झाली. आपण पेपरात फोटो बघितला, कौतुक केलं, पान उलटलं. पण मला त्या बातमीत सगळ्यांत महत्त्वाचा वाटला तो 'परसबाग' हा शब्द. म्हणजे बियाणं टिकायला कुठली मोठी प्रयोगशाळा लागली नाही. लागलं काय, तर बाईच्या हाताखालचा मातीचा तुकडा आणि दरवर्षी चार शेंगा न तोडण्याचा हट्ट. तो तुकडाच नसेल तर बरणीतलं बी दोन-तीन वर्षांत म्हातारं होतं. मग ते पेरूनही उगवत नाही.

बाकीची कामं पटापट सांगते. गुलाबाची छाटणी पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात झाली असेल, तर साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी फूल येतं, म्हणजे हे दिवस कळ्यांचे. बुंध्यातून जोमाने सरळ वर जाणारी, कलमाच्या गाठीखालून फुटलेली फांदी दिसली तर ती मुळातून काढायची. ती गुलाबाची नसते, ज्या रानटी झाडावर कलम बांधलंय त्याची असते. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या, नाहीतर ती बी धरण्यात सगळी ताकद घालवते आणि थंडीत निष्पर्ण होते. थोड्या मंजिऱ्या मात्र वाळवून कागदात बांधून ठेवा. मोगऱ्याला आता पाणी कमी करा. त्याला विश्रांती हवी असते, मग उन्हाळ्याच्या तोंडाला तो उट्टं काढतो. पाण्याचं एकूणच बघायला हवं. उन्हाळ्याच्या सवयीने आपण थंडीतही झारीच्या झारी ओततो. झाडं एवढं पीत नाहीत. बोट पेराएवढं मातीत घालून बघायचं, ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. आणि घालायचं ते सकाळी. संध्याकाळी भिजलेली पानं रात्रभर ओली राहतात, मग बुरशी धरते.

मेथी-कोथिंबिरीला तर हा मोसमच. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया चिकटलेल्या असतात, म्हणून ते लाटण्याने हलके रगडून दोन फाका करून पेरायचे. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते. धण्यांना आठ-दहा दिवस लागतात, तेवढ्यात "उगवलंच नाही" म्हणून वाफा उकरू नका. डब्यातले मूठभर हरभरे रात्री भिजवून सकाळी टोचून टाका. वाफशावर येतात, फार पाणी मागत नाहीत. महिन्याभराने त्यांचे शेंडे खुडले की भाजीही होते आणि झाडाला फांद्याही फुटतात. खुडताना बोटं आंबट होतात. ती हरभऱ्याची आंब. पूर्वी बायका रात्री शेतात हरभऱ्यावर धडपा अंथरून ठेवायच्या आणि पहाटे दहिवरासकट तो पिळून ती आंब बाटलीत भरायच्या, पोटदुखीवर म्हणून. आता कुणी करत नाही, आणि करायलाच पाहिजे असंही नाही. पण हे ज्यांना माहीत होतं त्यांचं पिकाकडे किती बारीक लक्ष असेल, याचं मला नवल वाटतं.

आता मूळ मुद्द्यावर येते. एवढं सगळं जिथे होतं ती जागा झाकायची कशासाठी?

हा प्रश्न मी शेजारच्या वहिनींना विचारला, कारण त्यांच्याकडे मुलाच्या लग्नासाठी पुढचं अंगण आणि मागचं परस, दोन्ही एकदम करायचं चाललंय. त्या फटकन म्हणाल्या, "अहो ताई, तुम्हाला लिहायला काय जातंय? पावसाळ्यात दारातला चिखल कोण काढतं? पोरांच्या पायांचे ठसे कोण पुसतं? रोज सडा घाला, झाडा, पाचोळा उचला. गुडघे माझे दुखतात. ब्लॉक टाकले की पाण्याचा पाइप सोडला, झालं!"

त्यांचं बोलणं मला मनापासून पटलं. अंगणाच्या आठवणी काढून गहिवरणारे पुष्कळ असतात. त्यातल्या निम्म्यांनी हातात केरसुणी धरलेली नसते. मातीचं अंगण म्हणजे बाईच्या कमरेवर चालणारं अंगण. सारवण, सडा, तण, गोगलगायी, पावसाळ्यात निसरडं, गवतात साप-विंचवाची भीती. म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरला तर मांडीचं हाड मोडतं आणि मग त्यांचंही करायचं कुणी? परत बाईनेच. तेव्हा दारापासून फाटकापर्यंतची वाट, न्हाणीकडे जायचा रस्ता, कपडे वाळत घालायची जागा, एवढं पक्कं करायलाच हवं. त्याला मी कधीच नाही म्हणणार नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. वहिनींना चिखल नको होता, तो चिखल होता वाटेवर. मग पावट्याचा वेल का गेला? अळू का गेलं? मिस्त्री आला, घरातल्या पुरुषमंडळींशी बोलला, टेप धरून स्क्वेअर फूट मोजले, भाव ठरला. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा हिशेब झालेला होता. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळं. मध्येच चार फूट सोडायचे म्हणजे मिस्त्रीला कडा बांधण्याचा त्रास, आणि दिसायला ते अर्धवट. "करायचं तर एकदाच करून टाकू!" घराघरांतलं हे वाक्य. ज्या बाईने वीस वर्षं त्या कोपऱ्यातून भाजी काढली, तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, वाट करा आणि भिंतीकडची पट्टी ठेवा. मला त्यांनीच सांगितलं हे, रिकामा कप घेऊन परत जाताना.

आपल्याकडे बाईच्या नावावर जमीन नसते हे आपण जाणतो. शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करा म्हणून. पुढे त्याच लोकांनी 'सीता शेती'ची कल्पना मांडली. बाईच्या हातात लहानसा तुकडा, त्यात घराला लागणारं पिकवायचं, आणि शक्यतो बाहेरून काही विकत न आणता, घरातल्याच काडी-कचऱ्यावर, शेणामुतावर पिकवायचं. काय पेरायचं ते तिने ठरवायचं. मला या कल्पनेत शेवटचा भाग फार मोलाचा वाटतो. गावातल्या, तालुक्याच्या गावातल्या आपल्यासारख्या बायकांना शेत नसेल, सात-बारावर नाव नसेल. पण परसात मेथी पेरायची की लसूण, वेल भिंतीवर सोडायचा की मांडवावर, हे ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही. घराच्या चार भिंतींत भाजी कुठली करायची यावरही चार मतं असतात. परसात मात्र कुणी ढवळाढवळ करत नाही, कारण ते कुणाच्या खिजगणतीतच नसतं! खिजगणतीत नाही म्हणूनच ते एका दुपारीत जातंही.

यात पैशांचा हिशेब मांडू नका असं मी सांगते, कारण तो आपल्या बाजूने लागणार नाही. मेथीची पेंडी बाजारात थंडीत स्वस्तच असते. परसातल्या भाजीने महिन्याला फार तर शे-दोनशे रुपये वाचतील. पण दुसरं एक बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. चार ओळींच्या मेथीने ते भरून येईल असं खोटं मी लिहिणार नाही. त्याला डॉक्टर आणि गोळ्या आहेत. पण विकत आणलेली एक पेंडी पाच माणसांत वाटली जाते आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात कढईचा तळ येतो, हे काही कुठल्या पाहणीत वाचायला नको. परसात शेवगा असला तर त्याचा पाला कुणाच्या वाटणीतला नसतो. आपल्या एकटीपुरता ओंजळभर ओरबाडला, तव्यावर लसणीबरोबर परतला, वरून लिंबू पिळलं. लिंबाने पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. दुपारी एकटीने बसून खाल्लेली ही भाजी कुणाला सांगायचीही गरज नाही.

आणि देवाणघेवाण. आमच्या गल्लीत कढीपत्ता माझ्याकडे, लिंबू पलीकडच्या काकूंकडे, गवती चहा कोपऱ्यावरच्या मावशींकडे, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी डहाळ्यांसाठी पेरू-आंबा वाड्यातल्या आजींकडे. या निमित्ताने दार वाजतं. नवीन लग्न होऊन आलेली सून पहिल्यांदा सासूशिवाय एकटी घराबाहेर पडते ती कितीदा तरी "जरा कढीपत्ता आणते हं" म्हणून. पाच मिनिटांच्या कढीपत्त्याला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात काय काय बोललं जातं ते इथे लिहायचं नाही, पण एका मुलीच्या अंगावरचे वळ आम्हाला अशाच कढीपत्त्यामुळे कळले होते आणि तिच्या माहेरी फोन गेला होता. सुपरमार्केटच्या पाकिटातल्या कढीपत्त्याला अर्धा तास लागत नाही.

पाचोळ्याबद्दल लिहायचं राहत होतं. थंडीत शेवगा, पेरू, बदाम यांची पानं गळतात आणि संध्याकाळी गल्लीगल्लीत ढीग पेटतात. थंडीतली हवा जमिनीलगत गार आणि जड असते, त्यामुळे धूर वर जात नाही, तो दाराखालून घरात शिरतो. दम्याच्या माणसांना विचारा. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, साध्या जाळण्याला पाच हजार रुपयांचा दंडही सांगितला. आमच्या गावात तो कुणाला झाल्याचं ऐकलं नाही. पण दंडाचं सोडा, पाचोळा ही जाळायची वस्तूच नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी 'प्रयोग परिवारा'तून आयुष्यभर हेच सांगितलं, की काडी-कचरा आणि ऊन एवढ्या भांडवलावर गच्चीवरसुद्धा पिकवता येतं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात पाचोळा दाबून भरायचा, मध्ये मध्ये जुनी माती किंवा शेणकाला, आणि पाणी शिंपडून तोंड बांधून कोपऱ्यात ठेवायचा. उन्हाळा संपेपर्यंत अर्ध्याहून कमी होतो आणि हाताला काळाभोर चुरा लागतो. उरलेला झाडांच्या आळ्यांत पसरायचा, म्हणजे पाणी एक दिवसाआड घातलं तरी चालतं. हे मात्र ब्लॉकवर होत नाही. ब्लॉकवर पडलेलं पान हा कचरा, आणि मातीवर पडलेलं पान हे खत. पान तेच.

तेव्हा ज्यांच्याकडे यंदा कार्य आहे आणि अंगणाचं काम निघणार आहे, त्यांनी मिस्त्री यायच्या आदल्या दिवशी स्वतः टेप घेऊन बाहेर जावं. खडूने आखून ठेवावं. वाट इथून इथपर्यंत पक्की, मांडवाची जागा पक्की. ऊन सगळ्यांत जास्त जिथे येतं त्या भिंतीलगत तीन-चार फुटांची पट्टी मोकळी, लांबी जेवढी मिळेल तेवढी. पट्टीला एक विटेची कड बांधून घ्यायची, म्हणजे पावसाळ्यात माती वाटेवर येत नाही, आणि वहिनींची तक्रारही राहत नाही. गुडघे दुखत असतील तर कड दोन विटा उंच करा, बसून काम होतं. झाडाच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक भिडवू द्यायचे नाहीत. दिल्लीतल्या झाडांबद्दल हरित लवादाने २०१३ साली बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, तेच माप आपण धरावं. न्हाणीचं पाणी गटाराकडे वळवायच्या आधी त्याच्या वाटेत अळू, केळ, कर्दळ राहील एवढी जागा मागावी. मिस्त्री कुरकुर करेल. "बाई, दिसायला बरं नाही दिसणार" म्हणेल. म्हणू द्या. त्या पट्टीकडे रोज बघायचंय आपल्याला, त्याला नाही.

ज्यांचं अंगण आधीच झाकलेलं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. पेव्हर ब्लॉक हा कोबा नव्हे, तो नुसता कचेवर बसवलेला असतो. पहारीने एक ब्लॉक उचकटला की शेजारचे हाताने निघतात. भिंतीकडची एक रांग काढायला दोन तास पुरतात. खाली दाबून घट्ट झालेली माती निघेल, दगडासारखी. त्यावर पाणी सोडून दोन दिवस थांबायचं, मग कुदळीने फूटभर खणून कच काढायची, दोन पाट्या शेणखत मिसळायचं. पहिल्या वर्षी त्यात फार काही येणार नाही, मुळा-गाजराच्या भानगडीत पडू नका. मेथी येईल. अळू येईल. काढलेले ब्लॉक कड बांधायला होतात.

आणि लसूण. तो अजून लावला नसेल तर याच आठवड्यात लावून टाका. थंडी पक्की झाली की मागे पडतो. मोठ्या पाकळ्या निवडायच्या, साल काढायची नाही, चपटी बाजू खाली आणि टोक वर, बोटभर अंतरावर. गड्डा धरेपर्यंत थांबायची गरज नाही, महिन्याभरात वीतभर पात येते. ती कात्रीने वरच्या वर कापायची, ओल्या खोबऱ्याबरोबर आणि हिरव्या मिरचीबरोबर वाटायची. बाजरीच्या भाकरीशी.